वीस मिनिटांचं स्कॅन

त्या पेन ड्राइव्हच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक निळा दिवा होता. ड्राइव्ह संगणकाला लावला की तो तीनदा लुकलुकायचा, मग साधारण सात सेकंद विझून राहायचा, आणि शेवटी एकदाच, जरा जास्त वेळ, उजळायचा. त्या सात सेकंदांत काय घडतं हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं. अँटिव्हायरस ड्राइव्हमधली एकेक फाईल हुंगून बघायचा. त्यातल्या एका फाईलचा त्याला दर वेळी संशय यायचा, आणि तिला उचलून तो बंद कोठडीत टाकायचा. शेवटचा लांब उजेड म्हणजे कोठडीचं दार लागल्याची खूण.

जलमापन कार्यालयाचा संगणक विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. दोन टेबलं, एक कपाट, आणि अर्धवट उघडणारी खिडकी. एका टेबलावर ती बसायची आणि दुसऱ्यावर नकाशे काढणारे काका, ज्यांना सगळं कार्यालय नकाशेकाका म्हणत असे. चौदा महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी तो त्या खोलीच्या दारात आला, तोही चुकून.

"इथं झेरॉक्स मशीन आहे असं कळलं."

"वरच्या मजल्यावर आहे," ती म्हणाली. "पण बंद पडलंय."

"मग वर जाऊन उपयोग नाही."

"नाही."

तरी तो हलला नाही. टेबलावरच्या उघड्या संगणकाकडे, स्क्रू-ड्रायव्हरकडे आणि मग तिच्याकडे पाहत राहिला. शेवटी त्याने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेन ड्राइव्ह काढला.

"तुम्हाला यातलं कळत असेल, तर... हा नदीवर ठणठणीत असतो. इथं आणला की मरतो."

"मरतो म्हणजे?"

"म्हणजे इथून परत नेला की यंत्र त्याला ओळखच देत नाही. सरळ लाल दिवा."

तिने हात पुढे केला. ड्राइव्ह थोडा कोमट होता. खिशात, अंगाशी राहिल्यामुळे असणार. ही गोष्ट लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं. तरी तिच्या ती लक्षात राहिली.

त्याचं काम नदीच्या वरच्या अंगाला होतं, बसने दीड तासावर. तिथं काठावर एक लहानशी खोली, आत एक नोंदयंत्र. पाण्याची उंची ते दर पंधरा मिनिटांनी पेन ड्राइव्हवर लिहायचं. तो सोमवारी ड्राइव्ह काढायचा, मंगळवारी कार्यालयात आणून नोंदी उतरवून द्यायचा, आणि बुधवारी परत नेऊन लावायचा. मधले दोन दिवस यंत्र नोंदी स्वतःच्या पोटात ठेवायचं. चार दिवसांपेक्षा जास्त त्याला झेपत नसे. जुनं पुसून त्यावर ते नवं लिहायला लागायचं.

घोटाळा काय आहे हे तिला दहा मिनिटांत कळलं. यंत्र ड्राइव्हवर आपली एक छोटीशी फाईल ठेवत होतं. ती दिसली तरच ते ड्राइव्हला आपला मानायचं. फाईल आपोआप चालू होणारी होती आणि तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. कार्यालयात नुकत्याच बसवलेल्या अँटिव्हायरसला एवढं कारण पुरेसं होतं. त्याच्या दृष्टीने ती फाईल चोर होती.

तिने फाईल कोठडीतून सोडवली, ड्राइव्हवर परत ठेवली, आणि अँटिव्हायरसला पुन्हा सुगावा लागायच्या आत ड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला.

"बरा झाला?"

"सध्यापुरता. याला जुनाट ताप आहे. दर वेळी आणून दाखवावा लागेल."

"बरं, डॉक्टर," तो गंभीरपणे म्हणाला आणि गेला.

दर वेळी आणून दाखवावा लागेल, हे त्या दिवशी खरं होतं. पुढचे तीन आठवडेही खरं होतं. चौथ्या आठवड्यात मुख्य संगणकाचा पासवर्ड तिच्याकडे आला. आता ती फाईल अपवादांच्या यादीत घातली की झालं. अँटिव्हायरसने पुन्हा तिच्या वाटेला जायचं नाही. तिने यादी उघडलीसुद्धा. मग घड्याळाकडे पाहिलं. मंगळवार होता, अकराला दहा मिनिटं होती. तिने यादी मिटली.

पुढच्या मंगळवारी घालू, असं तिने ठरवलं. आणि मग, दर मंगळवारी, हेच ठरवत गेली.

फाईल सोडवायला चार मिनिटं लागायची. पण ती आधी ड्राइव्हचं पूर्ण स्कॅन लावायची. त्याला वीस मिनिटं लागत आणि त्याची गरज अजिबात नव्हती. तो समोरच्या लोखंडी खुर्चीवर बसायचा. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची, आणि तो नदीच्या चहाड्या सांगायचा.

"परवा पहाटे सव्वादोनला चार बोटं चढली. पाऊस नाही, वरून कुणी पाणी सोडलेलं नाही. काही कारणच नाही."

"कारण असणारच. आपल्याला माहीत नसेल."

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं का हो?"

"लागतं."

"मग मी एवढ्या लांबून येतो त्याचं काय कारण लावलंत?"

"कार्यालयीन आदेश," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. पलीकडे नकाशेकाकांना एकाएकी ठसका लागला.

तो गेल्यावर काका म्हणायचे, "काय गं, हे नदीवाले आले की तुझा संगणक फारच सावकाश चालतो. माझ्या वेळी तर घोड्यासारखा पळतो."

"तुमच्या फायली लहान असतात, काका."

"असतील. माझं सगळंच लहान."

घरी आत्या होती. आईवडिलांच्या मागे तिनेच हिला वाढवलं, आणि आता ही तिला सांभाळत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण तिला दिसायचं ते दिसायचं. "सोमवारी संध्याकाळी तू कपड्यांना इस्त्री करतेस," एकदा ती जेवता जेवता म्हणाली. "बाकीचे दिवस चुरगळलेले चालतात." त्यावर हिने भाजी वाढून घेतली.

छत्तीस वर्षांच्या आयुष्यात तिने कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय केली नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेच शिकवलं होतं. एकदा मोजलं ते अंदाज. दुसऱ्यांदा तेच आलं तर विश्वास ठेवायचा. तो हसताना आधी डावा डोळा बारीक करतो हे तिने दोनदा नाही, कितीतरी वेळा मोजलं होतं.

नवव्या महिन्यात, हिरवी पट्टी निम्म्यावर असताना, तो म्हणाला, "डॉक्टर, मंगळवार सोडून... दुसऱ्या एखाद्या वारी भेटता येईल का? ड्राइव्हशिवाय."

तिच्या हातातला स्क्रू टेबलावरून गडगडत खाली गेला. तो शोधायला दोघंही वाकले. स्क्रू त्याला सापडला. त्याने तो तिच्या तळहातावर ठेवला आणि बोटं लगेच उचलली नाहीत.

"बघते," ती म्हणाली.

त्याने पुन्हा विचारलं नाही. ती पाच महिने बघत राहिली. नाही म्हणायचं नव्हतं आणि हो म्हणायची भीती वाटत होती. या वीस मिनिटांना कुठं धक्का लागू नये, एवढंच तिला वाटे.

मग आत्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, ते मंगळवारी. तिने एक दिवसाची रजा घेतली.

बुधवारी कामावर आल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल नदीवाले आले होते का?"

"आले होते की. मीच उतरवून घेतल्या त्यांच्या नोंदी. पाच मिनिटांचं काम," नकाशेकाका म्हणाले. "तू उगाच त्यांना ताटकळत ठेवतेस."

तिने कोठडी उघडली. फाईल आत होती. काकांना ती सोडवायची असते हेच माहीत नव्हतं; आणि त्यालाही नव्हतं, कारण आपण नेमकं काय करतो हे तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो स्वतः करायला शिकला असता.

तिने फोन उचलला. नंबर अर्धा लावला. मग वाटलं, आज तो ड्राइव्ह लावेल, यंत्र नाकारेल, लाल दिवा लागेल, आणि तो परत येईल. आज नाहीतर उद्या... म्हणजे बुधवारी किंवा गुरुवारी. मंगळवार सोडून. यंत्राच्या पोटात चार दिवसांची जागा आहेच.

तिने फोन खाली ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी तिने कपड्यांना इस्त्री केली.

तो गुरुवारी आला नाही. पुढच्या मंगळवारीही आला नाही. दार वाजलं की तिची मान वर जाई. रागावला असेल, तिने ठरवून टाकलं. पाच महिने 'बघते' ऐकून कोण थांबेल? खरं तर तो तापाने अंथरुणात होता. आणि नदीकाठच्या खोलीत यंत्रावरचा लाल दिवा कधीतरी जळून गेला होता, तो लागलाच नव्हता. बुधवारी त्याने ड्राइव्ह लावला, लाल काही दिसलं नाही, सगळं ठीक आहे असं समजून तो घरी गेला. अकरा दिवसांनी, ताप उतरल्यावर, त्याने नोंदी काढल्या. शेवटचे चार दिवस यंत्राच्या पोटात होते. मधले नऊ दिवस कुठंच नव्हते.

त्या ठाण्याची नोंद एक्केचाळीस वर्षं अखंड होती. पहिली सव्वीस त्याच्या वडिलांनी हाताने केलेली. दर तासाला पट्टीवरचा आकडा वाचून, वहीत. एवढी सलग नोंद आसपासच्या कुठल्याच नदीची नव्हती, आणि तेवढ्या एका कारणासाठी ते लहानसं ठाणं आजवर चालू ठेवलं होतं. नोंद खंडली तर ठाण्याचं काय, हा प्रश्न मोठे साहेब लगेच विचारणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलाच. तांत्रिक अहवाल तिच्याकडे मागितला. मंगळवारी बैठक ठरली.

तिने तीन पानं लिहिली. अँटिव्हायरसने फाईल बाजूला काढली. ती ड्राइव्हवर परत गेली नाही. यंत्राचा इशारा देणारा दिवा निकामी होता. एकही वाक्य खोटं नव्हतं. मग तिने मुख्य संगणक उघडला आणि फाईल अपवादांच्या यादीत घातली. घड्याळ लावून पाहिलं. चार मिनिटं लागली.

रविवारी ती त्याच्या घरी गेली. हा पहिला दिवस, जो मंगळवार नव्हता.

दार त्यानेच उघडलं. तापाने चेहरा उतरला होता. तिला बघून डावा डोळा बारीक झाला, पण हसू पुढे आलं नाही. "या डॉक्टर. आज पेशंट नाही आणलेला."

आतल्या खोलीत त्याचे वडील गुडघ्यांवर शाल घेऊन बसले होते. समोरच्या लांब टेबलावर आलेखाच्या कागदाची गुंडाळी होती, जाड उशीएवढी.

"अण्णा, या आमच्या कार्यालयातल्या. ड्राइव्हवर इलाज करतात त्या."

"बसा, बाई. तुमच्याबद्दल दर मंगळवारी ऐकतो," अण्णा म्हणाले. "बुधवारीही ऐकतो."

"अण्णा."

"बरं, राहिलं."

त्यांनी गुंडाळी उलगडली. एक्केचाळीस वर्षांची नदी, शाईची एकच रेघ, कागदाला कागद चिकटवत आणलेली. यंत्र आल्यावरही मुलगा दर आठवड्याला आकडे आणून द्यायचा आणि अण्णा हाताने रेघ पुढे न्यायचे. शेवटच्या कागदावर रेघ थांबली होती. मग वीतभर पांढरा कागद, आणि पलीकडे रेघ पुन्हा सुरू, थोडी खालून.

"नऊ दिवस नदी कुठं गेली होती, कोण जाणे," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. घरातलं एखादं माणूस न सांगता बाहेर गेलं असावं, तसे ते बोलले.

काहीतरी बोलायला हवं म्हणून ती म्हणाली, "दोन्ही टोकं माहीत आहेत. खालच्या ठाण्याच्या आकड्यांवरून मधलं काढता येईल. निदान तुटक रेघ..."

"हा पण तेच म्हणाला. येईल काढता, बरोबरही येईल कदाचित." त्यांनी पांढऱ्या जागेवरून तळहात फिरवला. "पण तुटक का होईना, रेघ ओढली की बघणाऱ्याला वाटणार, आपल्याला माहीत होतं. नव्हतं ना माहीत? मग कोरंच ठेवायचं. चुकलं तिथं चुकलं दिसू दे."

तिच्या पर्समध्ये अहवालाची तीन पानं होती. सगळी खरी वाक्यं.

तो तिला बस-थांब्यापर्यंत सोडायला आला. रस्त्यावर रिमझिम होती, छत्री एकच होती, आणि ती त्याने जवळजवळ पूर्ण तिच्यावर धरली होती. त्याचा एक खांदा भिजत होता. आता सांगायचं, पुढच्या दिव्याच्या खांबाशी, असं ती मनाशी म्हणत होती. खांब मागे पडत होते.

"मी साहेबांना सांगून टाकलंय," तो म्हणाला. "दिवा तपासायचं काम माझं होतं. चूक माझी. तुम्ही उगाच माझी बाजू घेऊ नका. तुमच्यावर येईल."

"ठाण्याचं काय होईल?"

"बंद करणार बहुतेक. मला दुसऱ्या गावी, भांडार विभागात. महिनाअखेरीस."

"आणि अण्णा?"

"त्यांना अजून सांगितलं नाही." त्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली. "डॉक्टर... मी तुम्हाला एक विचारलं होतं. ते विसरून जा. तुम्हाला जड जात होतं, दिसत होतं मला. उगाच विचारलं."

बस आली. त्याने छत्री मिटून तिच्या हातात दिली. ती चढली, खिडकीपाशी बसली, आणि तो भिजत उभा असलेला दिसत होता तोवर बघत राहिली. जे सांगायला आली होती ते तिच्याजवळच राहिलं होतं.

सोमवारी संध्याकाळी तिने इस्त्री बाहेर काढली नाही.

"उद्या मंगळवार ना?" आत्या म्हणाली. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा तिच्यावर रोखलेला.

"आत्या, माझ्या हातून एक फार वाईट झालंय."

"मुद्दाम?"

तिने विचार केला. दोनदा केला. "हो. पण वाईट व्हावं म्हणून नाही."

आत्याने चाचपडत तिचा हात शोधला आणि धरून ठेवला.

बैठक साहेबांच्या खोलीत होती. लांब टेबल, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला तो. धुतलेला पण न इस्त्री केलेला शर्ट घालून आलेला. नकाशेकाका भिंतीशी, नोंदी उतरवून घेतल्या म्हणून बोलावलेले. ते सारखे चष्मा पुसत होते. टेबलाच्या मधोमध, पुरावा म्हणून, तो पेन ड्राइव्ह ठेवलेला. कशालाच लावलेला नसल्याने त्याचा दिवा विझलेला होता.

साहेबांनी अहवाल वाचला. "स्पष्ट आहे," ते म्हणाले. "संगणकाने त्याचं काम केलं. यंत्राकडे लक्ष द्यायला हवं होतं, ते दिलं गेलं नाही. यांनी ते मान्य केलंय. मला वाटतं, यात आणखी काही बोलायचं नाही." त्यांनी पेनचं टोपण काढलं.

तो खाली मान घालून बसला होता. बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, पावलं वर जाईपर्यंत ऐकू आली. तिला तो पांढरा कागद आठवला, वीतभर, आणि त्यावरून फिरलेला म्हातारा तळहात.

"बोलायचं आहे," ती म्हणाली.

साहेबांचं पेन थांबलं. त्याने मान वर केली आणि अगदी हळू, नको अशा अर्थाने, हलवली. तिने त्याच्याकडे पाहिलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच तिने त्याच्यावरून नजर काढून घेतली नाही.

"अहवालात लिहिलंय ते खरं आहे, साहेब. पण त्यात एक गोष्ट मी लिहिलेली नाही. ती फाईल अपवादांच्या यादीत घातली असती तर यातलं काहीच झालं नसतं. चार मिनिटांचं काम आहे. मला ते पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. त्या बुधवारी फाईल आत अडकलेली मी डोळ्यांनी पाहिली, फोन हातात घेतला आणि परत ठेवला. यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला." आवाज कापायला लागला, तिने तो कापू दिला. "यादीत मी ती फाईल मुद्दाम घातली नाही. घातली असती तर हे दर मंगळवारी माझ्यासमोर वीस मिनिटं बसले नसते. आणि मला हे समोर बसायला हवे होते... मंगळवारीच नाही. सगळे वार."